नितळ पाण्यावर विश्वास ठेवू नका

मागे एकदा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र) बघायला गेले होते, तिथल्या ऑपरेटर काकांनी एअरेशन टँकमधलं, म्हणजे हवा सोडतात त्या टाकीतलं, तपकिरी गढूळ पाणी एक लिटरच्या सिलेंडरमध्ये भरून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, अर्धा तास थांबा. हळूहळू गाळ खाली बसला, वर एकदम नितळ पाणी. मी म्हटलं झालं की, सोडा आता नदीत! तर काका म्हणाले, "दिसण्यावर जाऊ नका, यात अमोनिया किती आहे ते डोळ्यांना दिसत नाही."

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये.

आपल्याला वाटतं नदी घाणीने मरते, पण खरं तर ती गुदमरते. सांडपाण्यात साधारण ९९.९ टक्के पाणीच असतं, उरलेलं जे काही असतं ते जिवाणू खातात आणि खाताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. आता २० अंशाला एक लिटर पाण्यात ऑक्सिजन मावतो जेमतेम ९ मिलिग्रॅम, आणि कच्च्या सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे जिवाणूंना त्यातली घाण खायला लागणारा ऑक्सिजन, बऱ्याचदा लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम. हिशोब करा, एक लिटर सांडपाणी वीस-तीस लिटर नदीचा सगळा ऑक्सिजन खाऊ शकतं. पाणी तापलं की अजून वाईट, कारण ऑक्सिजन कमी मावतो आणि जिवाणूंची भूक वाढते. आणि हे सगळं नाल्याच्या तोंडाशीच होतं असं नाही, खायला वेळ लागतो ना, त्यामुळे ऑक्सिजन सगळ्यात कमी होतो तो प्रवाहात बराच पुढे, म्हणून मासे मरतात एकीकडे आणि नाला असतो भलतीकडे.

एसटीपी वेगळं काही करत नाही, तेच जिवाणू, तेच खाणं, फक्त टाकीत आणि ब्लोअरच्या हवेवर. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी दाखवलं की खाली बसलेला गाळ फेकून न देता परत टाकीत घेतला तर ज्या कामाला आधी आठवडे लागायचे ते एका दिवसाच्या आत होतं. मला हे फार भारी वाटतं, ज्याला आपण घाण म्हणतो तोच गाळ खरा कामगार.

पण अमोनिया खाणारे जिवाणू नाजूक असतात, फार सावकाश वाढतात आणि त्यांना ऑक्सिजनही भरपूर लागतो, अमोनियातल्या एक मिलिग्रॅम नायट्रोजनला जवळपास साडेचार मिलिग्रॅम. ब्लोअरची वीज हाच प्लांटचा मोठा खर्च, बऱ्याच ठिकाणी निम्म्याच्या आसपास, म्हणून बचत करायची म्हटलं की पहिला हात तिथेच जातो. ते करू नये हो. टाकीत न खाल्लेला अमोनिया नदीत जातो आणि वाचलेली वीज नदीच्या श्वासातून वसूल होते.

आणि नदी परत येते, हेही खरं. लंडनची थेम्स १९५७ मध्ये जैविकदृष्ट्या मृत ठरवली होती, सांडपाण्याचे प्लांट सुधारले आणि १९७४ मध्ये तिथे सॅमन मासा सापडला.

काकांनी निघताना एक गोष्ट सांगितली. कुणीतरी रात्री गटारात केमिकल ओतलं आणि अमोनिया खाणारे जिवाणू गेले, परत वाढायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत ते रोज सिलेंडर भरून ठेवायचे, आणि वरचं पाणी रोज नितळच दिसायचं.