दोन बेटांमधलं पाणी : दक्षिण अटलांटिकची पक्षीफेरी, तयारी ठाण्यातून

अंटार्क्टिकाचा पर्यटन मोसम मार्चअखेर संपतो. तिथली लहान जहाजं मग उत्तरेकडच्या उन्हाळ्यासाठी युरोपच्या दिशेने निघतात. त्यांतली काही अर्जेंटिनातल्या उश्वायाहून सुटून दक्षिण जॉर्जिया, गॉफ, ट्रिस्टन द कुन्हा, सेंट हेलेना आणि असेन्शन ही बेटं घेत केप व्हर्डेला पोचतात. प्रवास साधारण पाच आठवड्यांचा. समुद्री पक्ष्यांसाठी याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. या फेरीची तयारी मी ठाण्यात राहून कशी केली आणि जहाजावर त्यातलं काय कामी आलं, ते इथे लिहितो आहे.

आधी हिशोब. असं जहाज ताशी १२ नॉट, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर वेगाने जातं. दिवसाला पाचशे-सव्वापाचशे किलोमीटर. उश्वायाहून दक्षिण जॉर्जिया थेट गेलं तरी दोन हजार किलोमीटर आहे. तिथून गॉफ अडीच हजार, ट्रिस्टनहून सेंट हेलेना सुमारे २,४०० आणि असेन्शनहून केप व्हर्डे पुन्हा अडीच हजारांच्या वर. म्हणजे निम्म्याहून जास्त दिवस फक्त पाणी. आपण पैसे भरतो ते बेटांची नावं वाचून, पण अल्बाट्रॉस, पेट्रेल, शिअरवॉटर या समुद्री पक्ष्यांचं खरं आयुष्य बेटांच्या मधल्या पाण्यावर चालतं आणि त्यांतले बरेचसे पक्षी तिथेच नीट बघायला मिळतात. त्यामुळे जहाज निवडताना केबिनचे फोटो बाजूला ठेवून डेकचा नकाशा मागवा. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, प्रवाशांना उभं राहू देतात का? पुढचा डेक पाण्यापासून किती उंच आहे? वादळी पेट्रेलसारखे (स्टॉर्म पेट्रेल) छोटे पक्षी वरच्या डेकवरून नुसते ठिपके दिसतात. ब्रिज, म्हणजे जहाज चालवतात ती खोली, प्रवाशांना खुला असतो का, आणि फक्त पक्ष्यांसाठी नेमलेला मार्गदर्शक आहे का, हेही विचारा. दक्षिण जॉर्जियात एका वेळी किनाऱ्यावर जास्तीत जास्त १०० प्रवासी उतरू शकतात. जहाजावर त्याहून जास्त माणसं असतील तर पाळ्या लागतात आणि किनाऱ्यावरचा आपला वेळ कमी होतो. केबिन मधली आणि खालच्या मजल्यावरची घ्या. ती स्वस्त असते आणि हलतेही कमी.

कागदपत्रांत सगळ्यात दुर्लक्षित राहते ती पिवळ्या तापाची लस. अर्जेंटिना आणि ब्राझील हे दोन्ही देश भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहेत. आदिस अबाबामार्गे विमान घेतलं तर इथिओपियाही त्यात येतो. अशा देशातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि प्रमाणपत्र नसलं, तर विलगीकरणात ठेवतात. या फेरीत परत येईपर्यंत सहा दिवस केव्हाच उलटून गेलेले असतात हे खरं, पण वाटेतले देश आणि विमान कंपन्याही प्रमाणपत्र मागू शकतात. शिवाय आजारपणामुळे मध्येच परतावं लागलं तर तो कागद हाताशी हवा. लस शासनमान्य केंद्रातच मिळते, दहा दिवसांनी लागू धरली जाते आणि आता एकच डोस आयुष्यभर चालतो. अंड्याची तीव्र अॅलर्जी असेल किंवा वय साठीच्या पुढे असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. व्हिसांचं उत्तर कंपनीकडून लेखी घ्या, तेही भारतीय पासपोर्टचा स्पष्ट उल्लेख करून. कंपनीची सर्वसाधारण माहिती युरोपीय प्रवाशांना धरून लिहिलेली असते. दक्षिण जॉर्जिया, ट्रिस्टन, सेंट हेलेना आणि असेन्शन हे ब्रिटनच्या सागरपार प्रदेशांत मोडतात आणि प्रत्येकाचे प्रवेशाचे नियम वेगळे आहेत. परतीचं विमान जिथे बदलतं तिथल्या ट्रान्झिट व्हिसाचंही तेव्हाच बघून घ्या. विम्यात समुद्रावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च हवाच. ट्रिस्टनला विमानतळ नाही आणि सर्वांत जवळचं मोठं बंदर केप टाउन, तेही सुमारे २,८०० किलोमीटरवर.

आता डोळ्यांची तयारी. जमिनीवर वर्षानुवर्षं पक्षी बघितलेला माणूसही समुद्रावर पहिले काही दिवस गोंधळतो, कारण पाय हलत असतात आणि पक्षी लाटांआड जातो. ही सवय इथे करता येते. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीत बोटी सुटतात. लोक जातात रोहित पक्ष्यांसाठी. आपण मात्र सुरय, म्हणजे टर्न, बघायचे. गल-बिल्ड टर्न आणि व्हिस्कर्ड टर्न नुसत्या उडण्यावरून वेगळे ओळखायचे. बोटींच्या वेळा भरती-ओहोटीवर ठरतात, म्हणून त्या दिवसाचं कोष्टक बघून नोंदणी करा. दुसरी शाळा म्हणजे हिवाळ्यातली गेटवे-मांडवा लाँच. प्रवासी गाठ्या फेकतात म्हणून कुरव लाँचच्या मागे लागतात आणि हाताच्या अंतरावर येतात. त्यांना खायला घालू नये. पण जे मागे आलेलेच आहेत, त्यांच्यावर दुर्बीण पटकन लावण्याचा सराव करायला हरकत नाही. पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी पकडायचा, नजर न हलवता दुर्बीण वर आणायची, गुडघे सैल ठेवायचे. कोपरं कठड्यावर टेकू नका, इंजिनाची थरथर थेट दुर्बिणीत येते. कंबर टेकवा.

दुर्बीण ८×४२ची न्या. १०×ने पक्षी मोठा दिसतो, पण हलत्या डेकवर थरथरही तेवढीच वाढते आणि दृश्यक्षेत्र आक्रसतं. टेलिस्कोपचा जहाजावर काही उपयोग नाही. कॅमेऱ्याला १००-४०० मिलिमीटरची झूम लेन्स पुरते. शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा, आयएसओ कॅमेऱ्यावर सोडा. ऊबदार केबिनमध्ये कॅमेरा उघडा आणला की त्यावर दव धरतं, म्हणून बाहेर असतानाच पिशवीत बंद करायचा आणि आत आल्यावर तासभर तसाच राहू द्यायचा. काचेवर मीठ बसलं तर कोरड्या कापडाने कधीही पुसू नका, मिठाचे खडे काचेला ओरखडे पाडतात. आधी गोड्या पाण्याने ओलं केलेलं कापड, मग कोरडं.

जैवसुरक्षेची तयारी घरीच पूर्ण करावी लागते आणि ठाणेकरांना ती जरा जास्तच करावी लागते. येऊरला पावसाळ्यानंतर घालून फिरलेले बूट, मोजे, बॅगेचे पट्टे यांत कुसळं घट्ट बसलेली असतात. वेल्क्रो ही सगळ्यात वाईट जागा. व्हॅक्यूम क्लीनरने भागत नाही. चिमटा आणि सुई घेऊन, उजेडात बसून एकेक कुसळ काढावं लागतं. खिसे उलटे करून शिवण तपासा. बडीशेप, ओवा, तीळ या सगळ्या बियाच आहेत, आणि आपल्या जॅकेटच्या खिशात यांतलं काहीतरी हमखास सापडतं. शक्य असेल तर बेटांवर घालायचे कपडे नवेच घ्या आणि इथे वापरू नका. बूट बहुतेक कंपन्या देतात, तेवढा आपला माप-क्रमांक जाड मोज्यांसकट कळवा. किनाऱ्यावर खाणं न्यायचं नाही. दक्षिण जॉर्जियात सरकारी अधिकारी प्रवाशांचे बूट-कपडे स्वतः तपासतात. एवढी कडक शिस्त कशासाठी, ते तिथला इतिहास सांगतो. व्हेल आणि सील मारणाऱ्या जहाजांबरोबर आलेल्या उंदीर-घुशींनी तिथल्या जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा फडशा पाडला. २०११ ते २०१५ या काळात हेलिकॉप्टरने विषारी आमिष टाकून त्यांचा नायनाट केला गेला आणि २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. तिथला पिपिट हा छोटा गाणारा पक्षी आता किनाऱ्यावर पुन्हा गातो आहे. त्यात बर्ड फ्लूची भर पडली. ऑक्टोबर २०२३मध्ये तो दक्षिण जॉर्जियातल्या तपकिरी स्कुआ या समुद्री पक्ष्यांमध्ये सापडला. तेव्हापासून किनाऱ्यावर बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत आणि बॅग जमिनीवर ठेवायची नाही, असा नियम आहे. पेंग्विनचा फोटो उभ्यानेच काढायचा. प्रत्येक वेळी जाता-येता बूट जंतुनाशकात बुडवायचे.

समुद्र लागण्यावरची गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो. अवोमिन किंवा स्टुजेरॉन, यांतलं काय चालेल ते डॉक्टरांना विचारून घरीच एकदा घेऊन बघा, कारण काहींना त्याने इतकी झोप येते की डेकवर उभं राहवत नाही. पहिला डोस जहाज सुटण्याआधी घ्या. उपाशी राहू नका. कोरडी बिस्किटं, खाकरा असं काहीतरी थोडं थोडं पोटात राहू द्या. आणि डेकवर एक हात कायम जहाजाला धरलेला हवा.

आता पाण्यावरचं काम. दिशा घड्याळाने सांगतात : नाळ म्हणजे बारा, उजवी बाजू तीन, मागचं टोक सहा. ‘दोन वाजता, क्षितिजाखाली, डावीकडे चाललाय’ एवढं पटकन बोलता आलं पाहिजे. अल्बाट्रॉस, जायंट पेट्रेल आणि व्हाइट-चिन्ड पेट्रेल जहाजामागे तासन्‌तास येतात, म्हणून ते बघायला मागचा डेक. प्रायन आणि डायव्हिंग पेट्रेल हे छोटे समुद्री पक्षी आणि जहाजाला बुजणारे पेट्रेल पुढूनच दिसतात. वाऱ्याच्या आडोशाची बाजू धरा. डोळ्यांत पाणी येत असेल तर काहीच ओळखता येत नाही.

रंगाआधी पंखांची खालची बाजू बघा. ब्लॅक-ब्राउड अल्बाट्रॉसच्या पंखाखाली पुढच्या कडेला रुंद काळा पट्टा असतो आणि प्रौढाची चोच नारिंगी. अटलांटिक यलो-नोज्डला काळी कड बारीक. जायंट पेट्रेलच्या दोन जाती चोचीच्या टोकावरून वेगळ्या करतात : दक्षिणेकडच्याचं टोक हिरवट, उत्तरेकडच्याचं तांबूस. व्हाइट-चिन्डची चोच टोकापर्यंत फिकट असते. स्पेक्टॅकल्ड पेट्रेलच्या चोचीचं टोक काळपट आणि चेहऱ्यावर पांढरी कडी. हा स्पेक्टॅकल्ड जगात फक्त ट्रिस्टनजवळच्या इनअॅक्सेसिबल बेटावर घरटी करतो, त्यामुळे मागे लागलेला प्रत्येक काळा पेट्रेल तपासायचा कंटाळा करू नका. विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल तर आपल्याच अरबी समुद्रातही येतो. शेपटीमागे बाहेर दिसणारे पाय ही त्याची खूण.

दक्षिण जॉर्जियाकडे जाताना अंटार्क्टिक कन्व्हर्जन्स ओलांडावा लागतो. तिथे थंड पाणी उत्तरेकडच्या उबदार पाण्याखाली बुडतं, तापमान थोडक्या अंतरात काही अंशांनी उतरतं आणि बरेचदा धुकं धरतं. ब्रिजवरच्या पडद्यावर पाण्याचं तापमान बघत राहा. ते घसरू लागलं की जेवण सोडून डेकवर या, तिथे पक्ष्यांची सरमिसळ बदलते. याच भागात रात्री एक काम चुकवू नका. पडदे पूर्ण बंद, बाहेरचे दिवे शक्य तितके बंद. प्रायन आणि डायव्हिंग पेट्रेल उजेडाने भांबावून जहाजावर आदळतात. पहाटे डेकचे कोपरे, दोरांच्या वेटोळ्यांमागे, होड्यांखाली बघावं. सापडलेला पक्षी कोरड्या खोक्यात अंधारात ठेवायचा आणि मार्गदर्शकाला सांगायचं. ते अंधार पडल्यावर दिवे बंद करून सोडतात.

गॉफवर पर्यटकांना उतरता येत नाही. हवा बरी असेल तर रबरी होडीतून किनाऱ्याजवळ फेरी होते, नाहीतर जहाजावरूनच बघायचं. ट्रिस्टन अल्बाट्रॉस जवळजवळ पूर्णपणे याच बेटावर अवलंबून आहे, आणि इथले घरउंदीर त्याची जिवंत पिल्लं कुरतडून खातात. २०२१ मध्ये उंदीर संपवण्याची मोठी मोहीम झाली, पण काही उंदीर वाचले आणि पुन्हा वाढले. दक्षिण जॉर्जियाचं यश बघून आल्यावर हे फार जिव्हारी लागतं. समुद्रावर ट्रिस्टन आणि वाँडरिंग अल्बाट्रॉस वेगळे करणं अवघड आहे. पिसांवरून कळणारं वय, चोचीची लांबी आणि जागा तिन्ही जुळल्याशिवाय नाव लिहू नका.

ट्रिस्टनला हवामानापुढे कोणाचं चालत नाही. कॅलशॉट नावाचं बंदर इतकं छोटं आहे की लाटांचा फुगारा वाढला की होडी आत जात नाही. म्हणून कार्यक्रमात तिथे किमान तीन दिवस राखलेले आहेत का ते नोंदणीआधी बघा. एकच दिवस असेल तर बेट लांबूनच बघून पुढे जाण्याची शक्यता मोठी. वस्ती अडीचशेच्या आत. नाइटिंगेल आणि इनअॅक्सेसिबलवर स्थानिक मार्गदर्शकांशिवाय उतरता येत नाही. ब्रिटिश पौंडांच्या छोट्या नोटा जवळ ठेवा. नाइटिंगेलवर टसॉक या झुपक्यांच्या उंच गवतात अल्बाट्रॉसची पिल्लं वाटेतच बसलेली असतात आणि पायाखालची जमीन ग्रेट शिअरवॉटरच्या बिळांनी पोखरलेली असते, म्हणून मार्गदर्शकाच्या पावलावर पाऊल टाकूनच चाला. मार्च २०११ मध्ये इथे एमएस ऑलिव्हा हे मालवाहू जहाज फुटलं आणि हजारो रॉकहॉपर पेंग्विन तेलाने माखले.

ट्रिस्टनच्या उत्तरेला पक्षी झपाट्याने कमी होतात आणि निम्मे लोक डेक सोडतात. मी सोडू नका म्हणेन. पहाटेचे दोन तास आणि संध्याकाळचे दोन तास उभं राहायचं, दुपारी झोप काढायची. उडणारे मासे पाण्याबाहेर येऊ लागले की बूबी या मासेखाऊ समुद्री पक्ष्याची वाट बघा. सेंट हेलेना जवळ आल्याची वर्दी लाल चोचीचे ट्रॉपिकबर्ड देतात. जमिनीवर वायरबर्ड, म्हणजे फक्त इथेच असणारा चिखल्या, माळावर सहज दिसतो. असेन्शनला बोट्सवेन बर्ड बेटाभोवती जहाज फिरवून असेन्शन फ्रिगेटबर्ड बघतात. मोकाट मांजरांमुळे ते मुख्य बेटावरून नाहीसे झाले होते. २००६ मध्ये बेट मांजरमुक्त जाहीर झालं आणि २०१२ मध्ये फ्रिगेटबर्डनी मुख्य बेटावर पुन्हा घरटी केली.

नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या अॅपच्या पेलॅजिक, म्हणजे खुल्या समुद्रासाठीच्या, पद्धतीने ठेवा : एक यादी जास्तीत जास्त एका तासाची, सुरुवातीचे अक्षांश-रेखांश त्या यादीत. फोनचं जीपीएस नेटशिवायही चालतं, मात्र अॅप आणि त्या भागांच्या याद्या मुंबईतच उतरवून घ्या. प्रायनचं नाव चोचीच्या स्पष्ट फोटोशिवाय लिहू नका. ब्रॉड-बिल्ड आणि मॅकगिलिव्हरेज प्रायन गॉफ-ट्रिस्टनच्या पाण्यात एकत्र असतात. फोटो नसेल तर ‘प्रायन, जात अनिश्चित’ एवढीच नोंद बरोबर.