सांगोल्याच्या शाखेतला राऊटर

शाखेत सिस्को २९११ राऊटर होता. इमेज, म्हणजे राऊटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची फाईल, बदलायची, म्हणून रात्री पुण्याहून टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाईल पाठवायची साधी पद्धत) फाईल पाठवली. लाईन मध्येच तुटली. फाईल अर्धवट, जुनी मी जागेसाठी आधीच पुसलेली. घाईत रिलोड दिला आणि राऊटर रॉममॉनमध्ये, म्हणजे चालणारी इमेज न मिळाल्यावर उरणाऱ्या प्राथमिक मोडमध्ये, जाऊन बसला. सकाळी लोक पासबुकं घेऊन रांगेत उभे, आणि मी एसटीत. त्या लोकांचा चेहरा अजून आठवतो.

तेव्हापासून इमेजचं नाव मी अक्षर न् अक्षर वाचतो. 'सी२९००' म्हणजे राऊटरची मालिका. 'युनिव्हर्सलके९' म्हणजे सगळ्या सुविधा एकाच फाईलमध्ये, कुठल्या चालू राहतील ते लायसन्स ठरवतं. 'एमझेड' मला फार आवडतं: फाईल दाबून ठेवलेली असते, सुरू होताना रॅममध्ये उलगडते आणि तिथूनच चालते. म्हणून फ्लॅशइतकीच (फाईल जिथे साठते ती मेमरी) रॅमही तपासायची. 'एसपीए'तला एस म्हणजे डिजिटल सही.

आता मी फाईल पेनड्राइव्हवरच नेतो, फॅट३२ केलेल्या. कॉपी झाली की 'व्हेरिफाय /एमडी५' ही कमांड चालवून फाईलचा एमडी५ आकडा (फाईल जराही बिघडली तर हा बदलतो) सिस्कोच्या डाऊनलोड पानावरच्या आकड्याशी जुळवतो. मग कुठल्या इमेजने सुरू व्हायचं ते सांगणाऱ्या 'बूट सिस्टिम'च्या दोन ओळी: आधी नवी इमेज, खाली जुनी. नवी चढली नाही तर राऊटर जुनी उचलतो. कॉन्फिगरेशन रजिस्टर (राऊटर कसा सुरू व्हावा ते ठरवणारा आकडा) ०x२१०२ आहे ना, हे बघायचं, सेव्ह करायचं आणि मगच रिलोड.

जुनी इमेज मी महिनाभर तरी पुसत नाही.