आमची वाटचाल : रुई, सरकी आणि डॉलर

सरकारनंच सगळा कापूस घ्यायची एकाधिकार कापूस खरेदी मागे पडली, तेव्हा बाबांनी हिंगणघाट तालुक्यात जिनिंग टाकलं, म्हणजे कापसातली रुई (तंतू) आणि सरकी (बी) वेगळी करणारा कारखाना. गाडी लागली की बाबा कोपरापर्यंत हात ढिगात घालायचे, ओल बघायचे, मूठभर कापूस काढून धागा दोन चिमटींत ओढायचे आणि मगच भाव बोलायचे.

डॉलर आमच्या वहीत आला 2013 साली. त्या 28 ऑगस्टला तो 68 रुपयांपार गेला. रुपया पडला की कापूसवाल्याचं भलं, असं जो तो सांगत होता. कागदावर हिशेब खराच आहे. रुईचा भाव खंडीवर चालतो; 356 किलोची खंडी म्हणजे वजनाचे सुमारे 784 पौंड. जागतिक भाव पौंडाला 80 सेंट धरला, तर खंडी झाली 627 डॉलरची. डॉलर एका रुपयानं चढला की खंडीमागे सव्वासहाशे रुपये. क्विंटलभर कापसातून 34 किलोच्या आसपास रुई निघते, म्हणजे कास्तकाराला क्विंटलमागे साठेक रुपये.

पण ऑगस्टात पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, हिरवी असते, घरी विकायला काही नसतं. रुईच्या गाठी ज्यांच्या गोदामात, फायदा त्यांचा. दिवाळीनंतर गाड्या लागल्या तोवर डॉलर 62-63 वर उतरला होता.

खर्च मात्र पेरणीलाच येऊन बसतो. पोटॅश जवळपास सगळं परदेशातून येतं, डीएपी किंवा त्याचा कच्चा मालही. 2010 पासून या खतांचं अनुदान अन्नद्रव्याच्या किलोवर ठरतं, त्यामुळे रुपया घसरला की वाढीव बोजा पोत्याच्या किमतीत उतरू शकतो. युरियाचा दर सरकारनं बांधलेला, म्हणून लोक युरियावर भागवतात. पोटॅश कमी पडलं की बोंड भरत नाही, धागा कच्चा राहतो. तो बाबांच्या चिमटीत तुटायचा आणि भाव तिथंच कमी व्हायचा. याची मला आजही फार चीड येते.

2022 मध्ये तर डॉलर 82 च्या वर जाऊनही कापूस उतरला. मे महिन्यात दीड डॉलरच्या घरात असलेला पौंडभर रुईचा जागतिक भाव हिवाळ्यापर्यंत डॉलरच्या आत आला होता. आपला मोठा गिऱ्हाईक बांगलादेश, पण त्याच्याकडेच डॉलरची टंचाई होती. तेजीच्या आशेनं घरात भरून ठेवलेला कापूस कास्तकारांनी पुढे पडत्या भावात दिला.

आता काट्याशेजारी फळा लावला आहे. सकाळी रुईचा भाव, सरकीचा भाव, डॉलर आणि आमची घडणावळ, म्हणजे कापसाची रुई करायचा खर्च, त्यावर लिहितो. “भाऊ, साठ रुपये कुठं गेले?” असं कोणी विचारलं, तर खडू त्याच्याच हातात देतो.