क्वीन मेरी २: नाव मोठं, लक्षण कसं?

लंडनहून न्यूयॉर्कला विमान आठ तासांत पोचतं. तेच अंतर पाण्यावरून सात रात्रींत कापायचं आणि वर बक्कळ पैसे मोजायचे, हे आमच्या नातेवाइकांत कुणालाच पटलं नव्हतं. नणंदेने सरळ विचारलं, "मध्ये कुठे थांबतं तरी का?" थांबत नाही. इंग्लंडचं साउथॅम्प्टन बंदर सुटलं की एकदम न्यूयॉर्कचं ब्रुकलिन. भाचा लंडनला, लेक न्यू जर्सीत, त्यामुळे दोन्ही टोकांना आपली माणसं होती. मधला समुद्र तेवढा बघायचा राहिला होता.

कुनार्ड कंपनीचं हे जहाज दोन गोष्टींसाठी गाजलेलं आहे. एक म्हणजे थाट: पांढरे हातमोजे घालून चहा देणारे वेटर, बॉलरूम, टक्सिडोतले पुरुष. दुसरं म्हणजे आज नियमित प्रवासी सेवेत असलेलं हे जगातलं एकमेव ओशन लायनर, म्हणजे महासागराच्या दोन किनाऱ्यांत वेळापत्रकाप्रमाणे ये-जा करणारं जहाज. या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासायला हव्यात, कारण जाहिरातीत त्या एकत्र कालवलेल्या असतात. थाट किती वाट्याला येणार ते तुम्ही कोणतं तिकीट काढता त्यावर ठरतं. लायनर मात्र सर्वांत स्वस्त केबिनमधल्या माणसालाही पुरेपूर मिळतं. मी पैसे या दुसऱ्या गोष्टीसाठी मोजले आणि ते वसूल झाले.

क्रूझ जहाजाला हवा बिघडली तर एखादं बंदर गाळता येतं, वाट बदलता येते. लायनरला ठरल्या दिवशी पलीकडे पोचायचं असतं, मग मध्ये अटलांटिक कसाही असो. स्टीफन पेन या ब्रिटिश जहाजरचनाकाराने हे जहाज त्याच हिशेबाने आखलं. फ्रान्समधल्या सें-नझेरच्या गोदीत ते बांधलं गेलं आणि जानेवारी २००४ मध्ये राणी दुसऱ्या एलिझाबेथच्या हस्ते नामकरण होऊन सेवेत आलं. लांबी ३४५ मीटर. तेवढ्याच आकाराच्या क्रूझ जहाजापेक्षा सुमारे ४० टक्के जास्त पोलाद यात आहे असं सांगतात. पूर्ण वेग ३० नॉट्सपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटरपर्यंत जातो. सात रात्रींच्या वेळापत्रकात त्याची गरज पडत नाही, पण उशीर झाला तर भरून काढायला तो हाताशी असतो. जहाजाला नेहमीसारखं सुकाणू नाही. बुडाखाली विजेवर चालणारे चार पॉड, म्हणजे मोटार आणि पंखा एकत्र बसवलेले डबे आहेत, त्यातले दोन गोल फिरतात आणि तेच जहाज वळवतात.

हे सगळं वाचून माहीत होतं. प्रत्यक्षात बघायच्या खुणा वेगळ्या. सातव्या डेकवरून वर बघा: जीवरक्षक नावा डोक्यावर टांगलेल्या दिसतील, पाण्यापासून सुमारे २५ मीटर उंच. बाकीच्या जहाजांवर त्या बऱ्याच खाली असतात. इथे अटलांटिकच्या लाटांनी त्या फुटू नयेत म्हणून खास परवानगी घेऊन वर नेल्या आहेत. मग पुढच्या टोकाला जा. तिथे लाटांचा मारा फोडणारी भिंत आहे आणि उघड्या डेकवर पॉडच्या पंख्यांची जादा पाती बसवून ठेवलेली आहेत. बरेच लोक त्यांना आधुनिक शिल्प समजून फोटो काढतात. माझा नवरा प्रत्येकाला थांबवून खरं सांगत होता. त्याला आवरणं कठीण झालं.

मधल्या दिवसांत समुद्र चांगलाच उसळला. जहाजाला स्थिरक पंख आहेत, त्यामुळे डावी-उजवी डोल फारच कमी जाणवते. पुढे-मागे होणारी हालचाल मात्र कोणत्याच पंखांनी थांबत नाही, आणि ती दोन्ही टोकांना जास्त असते. लायब्ररी, नाट्यगृह आणि तारांगण तिन्ही पुढच्या भागात आहेत, हे बोट लागणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. आमच्या शेजारच्या टेबलावरच्या बाई लायब्ररीतून पुस्तक आणायला गेल्या की हिरवट चेहऱ्याने परत यायच्या. ज्यांना त्रास होतो त्यांनी जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवरची केबिन घ्यावी, आणि गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यावी.

दुपारी बारा वाजता ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीतून घोषणा होते: आपण कुठे आहोत, किती मैल आलो, वारा कुठला. पहिल्या दिवशी मी ती अर्धवट ऐकली. नंतर सगळं जहाजच त्या वेळी गप्प होतं हे लक्षात आलं. न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला लॅब्राडोरचा थंड प्रवाह आणि गल्फ स्ट्रीमचं कोमट पाणी भेटतं, तिथे धुकं धरतं. आम्हाला ते पुरतं भेटलं. कठडा सोडून काही दिसेना आणि दर दोन मिनिटांनी भोंगा. धुराड्यावरच्या भोंग्यांपैकी एक मूळ क्वीन मेरीचा, म्हणजे १९३० च्या दशकातला आहे. ते जुनं जहाज आता कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला उभं असतं, तिथून तो उसना आणलेला. आवाज मैलोन्‌मैल जातो, पण सूर इतका खालचा की डेकवर उभ्या माणसाच्या कानठळ्या बसत नाहीत, छातीत घुमतो. याच पट्ट्यात १९१२ मध्ये टायटॅनिक बुडालं. वाचलेल्यांना उचलून न्यूयॉर्कला नेणारं कार्पेथिया कुनार्डचंच होतं. जहाजावर हा विषय निघतोच, फक्त रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर कुणी काढत नाही.

पश्चिमेला जाताना सात रात्रींपैकी पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे जातं, म्हणजे पंचवीस तासांचे दिवस. न्यूयॉर्कला उतरलो तेव्हा झोपेचा काडीचाही घोळ नव्हता. उलट दिशेने येताना हाच तास भर दुपारी काढून घेतात. पहिल्यांदाच जाणार असाल तर साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क हीच दिशा धरा.

आता थाटाकडे. इथे सरळ वर्ग आहेत, आणि ते लपवलेले नाहीत. ब्रिटानियाचं, म्हणजे साध्या वर्गाचं तिकीट असेल तर दोनमजली, भव्य ब्रिटानिया रेस्टॉरंटमध्ये जेवायचं. प्रिन्सेस ग्रिल आणि क्वीन्स ग्रिलच्या प्रवाशांची रेस्टॉरंटं वेगळी, बसायचा लाउंज वेगळा, उन्हात पडायची गच्चीही वेगळी. भाडं कित्येक पट. ज्या लेखांत आणि चित्रफितींत या जहाजाचं ऐश्वर्य ओसंडून वाहतं, ते बहुतेक वेळा ग्रिलमधून लिहिलेले असतात. हे न तपासता ब्रिटानियाची आतली केबिन घेतली तर हिरमोड ठरलेला, आणि त्यात जहाजाचा दोष नाही. आम्ही ब्रिटानियात होतो. केबिन नीटनेटकी, बाथरूम लहान, जेवण चांगल्या लग्नाच्या हॉलपेक्षा वर आणि मुंबईतल्या पंचतारांकित हॉटेलातल्या सर्वोत्तम रेस्टॉरंटपेक्षा खाली. दिवसाच्या बुफेबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पोट भरतं.

थाटाचा जो भाग सगळ्यांना सारखा मिळतो तो मात्र खरा आहे. क्वीन्स रूममध्ये दुपारी साडेतीनला चहा, स्कोन, काकडीचे सँडविच, वादकांची तुकडी, आणि समोर सत्तरीपुढची जोडपी वॉल्ट्झ करताहेत. लायब्ररीत आठ-दहा हजार पुस्तकं आणि खिडकीबाहेर लाटा. जहाजावरचं तारांगण तर समुद्रावरचं पहिलंच. दुपारची व्याख्यानं चुकवू नका; आम्ही खगोलशास्त्रापासून सागरी इतिहासापर्यंत सगळं ऐकलं. बाराव्या डेकवर कुत्र्यांसाठी घरं आहेत, त्यांच्या सोयीसाठी लिव्हरपूलचा दिव्याचा खांब आणि न्यूयॉर्कचा आगीचा नळ दोन्ही बसवलेत. ती घरं फार आधी भरतात म्हणे. अटलांटिक ओलांडून घर बदलणारे लोक कुत्र्याला विमानाच्या पोटात टाकायला तयार नसतात.

कपड्यांची आपल्याकडच्या लोकांना उगाच धास्ती असते. संध्याकाळी सहानंतर नीट कपडे, आणि सफरीत साधारण दोन 'गाला', म्हणजे खास नटूनथटून यायच्या संध्याकाळी असतात. नियमात टक्सिडो आणि गडद सूटबरोबर राष्ट्रीय पोशाखही चालतो. बंदगळा पुरतो, टक्सिडो भाड्याने घ्यायच्या फंदात पडू नका. पैठणी न्या. माझ्या पैठणीच्या पदराची जितकी विचारपूस झाली तितकी माझी झाली नाही. ज्यांना नटायचंच नाही त्यांनी बुफे आणि गोल्डन लायन पबमध्ये बसावं, तिथे कुणी भुवया उंचावत नाही.

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण रोज तेच पास्ता-मश्रूम नको असेल तर आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवा. जैन जेवण असेल तर नक्कीच. कर्मचाऱ्यांत भारतीय बरेच आहेत, गोव्याचे विशेष. आमच्या भागातला वेटर मडगावचा निघाला. दुसऱ्या रात्री मी मेन्यू उलटसुलट करत बसलेली बघून खाली वाकून म्हणाला, "आंटी, शीत-कडी जाय?" त्यानंतर आमच्या टेबलावर अधूनमधून कार्डावर नसलेला भात येऊ लागला. ब्रिटानियात लवकर आणि उशिरा अशा पंगती असतात. पश्चिमेला जाताना रात्र लांबते, म्हणून उशिराची पंगत बरी पडते.

केबिनबद्दल तीन गोष्टी जाहिरातीत बारीक अक्षरांत असतात. चौथ्या ते सहाव्या डेकवरच्या बाल्कन्या जहाजाच्या पोलादी अंगात कोरलेल्या आहेत. वारा लागत नाही, पण खुर्चीत बसलं की समोर भिंत येते, समुद्र बघायला उभं राहावं लागतं. अटलांटिकवर मला त्याच बऱ्या वाटतात. आठव्या डेकवरच्या काही बाल्कन्यांसमोर जीवरक्षक नावा येतात. आणि 'एट्रिअम' केबिनची खिडकी समुद्रावर उघडत नाही, ती मधल्या दिवाणखान्यात उघडते. एकट्याने जाणाऱ्यांसाठी २०१६ च्या डागडुजीत १५ एकेरी केबिन काढल्या. त्या लवकर संपतात, पण नेहमीच्या केबिनमध्ये एकट्याला भरावं लागणारं जवळपास दुप्पट भाडं वाचतं. खरं सांगायचं तर या मार्गावर आतली केबिन घेऊन दिवसभर सातव्या डेकवर राहणं हा सर्वांत शहाणा सौदा आहे. त्या डेकवरून जहाजाला पूर्ण प्रदक्षिणा घालता येते, एक फेरी अर्ध्या किलोमीटरहून जास्त. लाकडी आरामखुर्च्या फुकट असतात. गरम कपडे मात्र जुलैतही हवेत.

वरखर्च धरून चला. जहाजावरचा हिशेब डॉलरमध्ये. दर माणशी दररोज सेवाशुल्क आपोआप लागतं, पेयांच्या बिलावर वेगळी टक्केवारी, इंटरनेटचे पैसे वेगळे. एप्रिल ते डिसेंबर हा या फेऱ्यांचा मुख्य काळ. शरदापासून समुद्र खवळत जातो आणि भाडं उतरत जातं, ज्याची त्याची हौस.

भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा आणि अमेरिकेचा बी१/बी२ व्हिसा दोन्ही हातात असल्याशिवाय आरक्षण करू नका. साउथॅम्प्टनला चढतानाच अमेरिकेचा व्हिसा तपासतात. नसेल तर जहाज तुमच्याशिवाय जातं. मध्ये बंदर नाही आणि महासागराच्या मधोमध हेलिकॉप्टरही पोचत नाही. जहाजावर डॉक्टर आहेत, पण ते महाग. प्रवास विम्यात समुद्रप्रवास आणि वैद्यकीय स्थलांतर स्पष्ट लिहिलेलं बघा. रोजची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठ्या बॅगा चढताना हमालाकडे जातात आणि केबिनमध्ये संध्याकाळी पोचतात. विमानासारखी वजनाची कटकट नाही, तरी रिकामी बॅग पलंगाखाली जाईल अशी असावी. चटणी-लोणचं न्यायचं तर बंद पाकिटातलं, आणि उरलेलं उतरताना अमेरिकन अधिकाऱ्याला सांगायचं.

न्यूयॉर्कला जहाज पहाटे शिरतं. साडेचारला उठा, अकराव्या डेकच्या पुढच्या सज्जावर जागा धरा. धुराड्याची उंची व्हेराझॅनो-नॅरोज पुलाखालून जाता यावं म्हणून बेतलेली आहे. खालून बघताना धुराडं आता आपटणार असंच वाटतं, आणि डेकवरचे झाडून सगळे, अनेक वेळा आलेलेसुद्धा, माना खाली घालतात. मग डावीकडे स्वातंत्र्यदेवता, समोर मॅनहॅटन. न्याहारीची गर्दी टाळायची तर ती यानंतर करा, आधी नको.

जहाज ब्रुकलिनच्या रेड हुक धक्क्याला लागतं. स्वतःच्या बॅगा स्वतः ओढू शकत असाल तर पहिल्या गटात उतरता येतं, नाहीतर रंगीत चिठ्ठीचा नंबर येईपर्यंत बसायचं. पासपोर्ट तपासणीची रांग हळू सरकते. भुयारी रेल्वे चालत जाण्याजोगी नाही, बॅगांसह तर नाहीच. टॅक्सी मिळते, आणि सामान कमी असेल तर जवळूनच मॅनहॅटनकडे फेरी बोट सुटते. न्यू जर्सीहून कुणी घ्यायला येणार असेल तर त्यांना सकाळी दहाच्या आधी बोलावू नका. आमचा जावई आठपासून गाडीत बसला होता.