नन्स क्रॉस: सनदेचा दगड आणि दंतकथेचा दगड

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या डार्टमूर या उघड्या, उंचावरच्या माळरानावर (अशा रानाला तिथे ‘मूर’ म्हणतात) दगडी क्रूस ठिकठिकाणी उभे आहेत. बहुतेक जण ते पाहतात आणि इथे कुणाचं तरी थडगं असावं असं समजून पुढे जातात. थडग्यासाठी उभे केलेले क्रूस त्यांत फार थोडे आहेत. बाकीचे मुख्यतः दोन कामांचे: वाट दाखवणे आणि शीव सांगणे. नन्स क्रॉस, म्हणजेच सायवर्डचा क्रूस, ही दोन्ही कामं करतो. मूरवरचे दगड वाचायला शिकायचं असेल तर सुरुवात इथून करावी.

दगड ग्रॅनाइटचा, उंची सुमारे सव्वादोन मीटर. हात आखूड, अंगकाठी जाड, नक्षी अजिबात नाही. खाणीतून काढलेला हा दगड नाही. मूरवर उघडे पडलेले ग्रॅनाइटचे धोंडे असतात, त्यांना तिथे ‘मूरस्टोन’ म्हणतात, त्यातलाच एक घडवलेला.

आता कागद. तिसऱ्या हेन्री राजाने १२३९ मध्ये डार्टमूरचं फॉरेस्ट आपला भाऊ, कॉर्नवॉलचा अर्ल रिचर्ड, याला दिलं. (फॉरेस्ट म्हणजे झाडी नव्हे, राजाचं शिकारीचं राखीव रान. इथे झाड शोधावं लागतं.) देणगी दिली की हद्द ठरवणं आलंच. १२४० मध्ये बारा सरदारांनी हद्दीवरून फिरून तिच्या खुणा लिहवून घेतल्या आणि त्या यादीत ‘सायवर्डचा क्रूस’ आहे. म्हणजे तेव्हाही तो जुना आणि सगळ्यांच्या ओळखीचा होता, नाहीतर हद्दीची खूण म्हणून त्याचं नाव कुणी घेतलं नसतं. आइल्सबॅरोची टेकडी, मग हा क्रूस, मग हेसरी टॉर (टॉर म्हणजे माथ्यावर खडक उघडे पडलेली टेकडी), असा हद्दीचा क्रम आजही नकाशावर बोट ठेवून पाहता येतो.

सायवर्ड कोण? नॉर्थंब्रियाचा अर्ल सायवर्ड, १०५५ मध्ये वारलेला, हे नाव नेहमी पुढे केलं जातं, कारण डेव्हनमध्ये त्याची जमीन होती असं मानतात. शक्य आहे, पण क्रुसाच्या पूर्वेच्या अंगावर फक्त नाव कोरलेलं आहे, पदवी नाही.

दुसऱ्या बाजूचा मजकूर मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पश्चिमेच्या अंगावर दोन ओळींत ‘बॉक’ आणि ‘लॉन्ड’ कोरलेलं आहे. हे बकलँड. डेव्हनची काउंटेस अमिशिया हिने १२७८ मध्ये बकलँडला सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाचा मठ स्थापला आणि त्याला मोठी जमीन दिली. त्या जमिनीची शीव इथवर येत होती. गंमत अशी, की जुन्या इंग्रजीत ‘बॉक’ म्हणजे लेख, सनद. बॉकलँड म्हणजे सनदेने मिळालेली जमीन. आपल्याकडे ज्याला इनामी गाव म्हणतात त्याच्या जवळची गोष्ट. अक्षरं झिजल्यामुळे पूर्वी ती वेगवेगळ्या तऱ्हांनी वाचली गेली आणि त्यावर तर्कांचे इमले चढले. मठाच्या सनदेत याच क्रुसाचा उल्लेख आहे हे ध्यानात घेतलं, की वाचनाचा घोळ मिटतो.

अक्षरं बघायची असतील तर वेळ साधावी लागते. इथे बहुतेकांची चूक होते: पूर्वेची बाजू सकाळी आणि पश्चिमेची संध्याकाळी पाहायला जातात. तेव्हा ऊन थेट तोंडावर पडतं, कोरीव भागात सावली राहत नाही आणि दगड सपाट दिसतो. हवं ते तिरपं, दगडाला घासून जाणारं ऊन. ते सूर्य दक्षिणेला येण्याच्या अलीकडे-पलीकडेच मिळतं. उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे असतात आणि डार्टमूर ग्रिनिचच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे तिथली खरी मध्यान्ह सव्वाच्या सुमारास होते. ‘सायवर्ड’ साडेबारा ते एकच्या दरम्यान पाहावं, ‘बॉक लॉन्ड’ दीड ते दोनच्या दरम्यान. ढग असतील तर विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश टाकावा. अक्षरांत खडू भरू नये, शेवाळ-दगडफूल खरवडू नये. दगडफुलाबरोबर ग्रॅनाइटचे कणही निघतात, आणि खडूने आपण वाचलेलंच अक्षर पुढच्यावर लादलं जातं.

दगडाच्या मधोमध सांधा दिसेल. १८४६ मध्ये गुरं शोधायला आलेल्या दोन पोरांनी क्रूस ढकलला, तो पडला आणि मोडला. १८४८ मध्ये शीप्सटॉर गावच्या जॉन न्यूकम नावाच्या पाथरवटाने लोखंडी पट्ट्यांनी तो जोडून परत उभा केला. लोखंड गंजलं की फुगतं आणि दगडाला तडा देतं, म्हणून असा सांधा धोक्याचाच. त्याला टेकून, त्यावर चढून फोटो काढू नयेत, ते याचसाठी.

राहिलं ‘नन्स’ हे नाव. ते ऐकलं की जोगिणींची एखादी गोष्ट असणार असं वाटतं, पण इथे जोगिणींचा मठ नव्हता. कॉर्निश भाषेत दरीला ‘नन्स’ म्हणतात, नावाचं मूळ तिथे असण्याचा तर्क आहे. जुना शब्द लोकांना कळेनासा झाला की ते त्याच्यासारखा ऐकू येणारा ओळखीचा शब्द तिथे बसवतात.

दंतकथा मात्र हवी असेल तर इथून पूर्वेला जायचं, चाइल्डच्या थडग्याकडे. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा-संस्थेचा ओएल २८ क्रमांकाचा नकाशा घ्यावा, त्यात चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. नन्स क्रॉस एसएक्स ६०४ ६९९ या चौकटीत, थडगं एसएक्स ६२५ ७०३ मध्ये. पहिले तीन आकडे पूर्वेकडचं अंतर, पुढचे तीन उत्तरेकडचं, आणि एकाचा फरक म्हणजे शंभर मीटर. वजाबाकी केली की कळतं: २.१ किलोमीटर पूर्व, ०.४ उत्तर. जवळजवळ मध्यावर गोल्डस्मिथचा क्रूस लागतो. तो १९०३ मध्ये सापडला, नाव सापडवणाऱ्या लेफ्टनंटचं. मठवासींच्या वाटेवरच्या क्रुसांची ही रांग आहे, एक मागे पडला की पुढचा शोधायचा.

गोष्ट अशी. प्लिमस्टॉकचा चाइल्ड नावाचा श्रीमंत, निपुत्रिक जमीनदार शिकारीला आला आणि हिमवादळात सोबत्यांपासून तुटला. थंडी सोसवेना तेव्हा त्याने घोडा मारला, त्याचं पोट फाडलं आणि ऊब मिळवायला आत शिरून बसला. तरी गोठला. मरण्यापूर्वी घोड्याच्या रक्ताने त्याने लिहून ठेवलं, की जो मला सापडवून पुरेल त्याला माझी प्लिमस्टॉकची जमीन. टॅव्हिस्टॉकच्या मठवासींना प्रेत सापडलं. प्लिमस्टॉकची माणसं नदी पायी ओलांडायच्या जागी त्यांना अडवायला दबा धरून बसली, तर मठवासींनी दुसरीकडे घाईने पूल टाकला आणि प्रेत मठात नेऊन पुरलं. त्या पुलाला म्हणे कपटाचा पूल म्हणतात.

ही गोष्ट आपल्याला सतराव्या शतकात डेव्हनची माहिती लिहिणाऱ्या त्रिस्त्रम रिस्डनने टिपल्यामुळे ठाऊक आहे. प्लिमस्टॉक मात्र १०८६ च्या डोम्सडे नोंदीतच (इंग्लंडच्या राजाने करवलेली जमिनींची मोजदाद) टॅव्हिस्टॉक मठाच्या नावावर आहे. म्हणजे जमीन मठाची कशी झाली, या प्रश्नाला लोकांनी दिलेलं हे उत्तर असावं. ‘चाइल्ड’ हेसुद्धा मुळात नाव नसावं. जुन्या इंग्रजीत ‘किल्ड’, उच्चार ‘चिल्ड’, ही उमरावाच्या घरच्या तरुणाची पदवी होती. आणि जिथे त्याला पुरलं म्हणतात ती दगडी पेटी, तिथल्या भाषेत किस्टवेन, कांस्ययुगातली आहे. चाइल्डच्या आधी हजारो वर्षं तिथे दुसरंच कुणी पुरलेलं होतं. शिवाय गोष्टच सांगते की प्रेत टॅव्हिस्टॉकला नेलं. मग इथे थडगं कसलं? हा प्रश्न पडायला हवा, पण त्या उजाड जागी उभं राहिल्यावर फारसा कुणाला पडत नाही.

दगड पाहिले तर आणखी घोटाळा. मूळची पायऱ्यांची बांधणी १८१२ मध्ये एका शेतकऱ्याने घर बांधायला उचकटून नेली. आजची बांधणी आणि क्रूस १८८० च्या दशकात, डार्टमूर प्रिझर्वेशन असोसिएशन या डार्टमूर जपणाऱ्या संस्थेच्या काळातले. गोष्ट मोठी, क्रूस सर्वांत तरुण! डार्टमूरवर दगडाचं वय अदमासायची एक सोपी खूण आहे. कडेला ओळीने अर्धगोल भोकं दिसली तर तो सुमारे १८०० नंतर छिद्रं पाडून, पाचरी ठोकून फोडलेला आहे. त्याआधी अरुंद खाचा पाडून पाचरी मारत, त्यांचे माग लांबट दिसतात. मध्ययुगीन म्हणून दाखवलेल्या दगडावर गोल भोकं असतील तर दाखवणाऱ्याला एकदा विचारावं.

वाटेचं. प्रिन्सटाउनहून साउथ हेसरी टॉरच्या बाजूने सरळ दक्षिणेकडे रुळलेली वाट आहे, नन्स क्रॉसपर्यंत सुमारे साडेचार किलोमीटर, सव्वा तास. पुढे थडग्यापर्यंत फॉक्स टॉर मायर्सची दलदल डाव्या हाताला ठेवून दक्षिणेच्या उताराने जावं. खरी फसगत उलट बाजूने होते. व्हाइटवर्क्सच्या जुन्या कथलाच्या खाणीपाशी उभं राहिलं की थडगं समोर हाकेच्या अंतरावर वाटतं आणि माणूस सरळ रेषेत निघतो. मध्ये दलदल आहे. चमकदार हिरवं, सपाट, मऊ दिसणारं गवत म्हणजे पाण्यावर तरंगणारं शेवाळ, त्यावर पाऊल नको. तांबूस, गुच्छागुच्छांचं उंच गवत त्या मानाने बरं. पांढरी कापसासारखी बोंडं डोलत असतील तर खाली ओल आहे हे नक्की. पाऊस होऊन दोन दिवस झाले तरी पाणी ओसरत नाही, आणि धुकं उतरलं तर पुढचा क्रूस दिसत नाही. तेव्हा पुढे न जाता शेवटच्या क्रुसापाशी परत यायचं.