आमची वाटचाल: अडीच सूत की आठ एमएम?

पुण्यात धायरीतल्या आमच्या शेडमध्ये शिरलं की उजव्या हाताला श्रीखंडाचे रिकामे डबे दिसतात, दोनशेच्या वर. नवीन गिऱ्हाईक आधी गाड्यांभोवती फिरतं आणि मग हमखास विचारतं, "डब्यांत काय?" डब्यांत बोल्ट आहेत. धंदा सुरू झाला जुन्या गाड्या दुरुस्त करून पुन्हा चालत्या करण्याचा, पण तगला तो या डब्यांवर.

बाबा भोसरी एमआयडीसीत टर्नर होते. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी एक जुनं लेथ घेतलं, मी गॅरेजमधली नोकरी सोडली आणि दोघांनी मिळून ही शेड भाड्याने घेतली. पहिलं काम सदाशिव पेठेतल्या एका काकांच्या प्रीमियर पद्मिनीचं. काका पैसे हप्त्याने द्यायचे, आम्हीही काम हप्त्यानेच करायचो. सात महिने लागले. फायदा किती झाला ते विचारू नका.

जुन्या गाडीत अवघड काम पत्र्याचं, अशी तेव्हा आमची समजूत होती. दुसऱ्या गाडीनेच ती मोडली. अ‍ॅम्बॅसेडर होती. इंजिनवरच्या एका ब्रॅकेटचा बोल्ट हरवला म्हणून हाताखालच्या पोराने ट्रेमधला आठ एमएमचा लावला. दोन आटे हाताने गेले, मग अडकला. पोराने पाना लावला, पान्याला पाइप लावला, आणि बोल्ट कुरकुरत आत गेला. बाबांनी तो उलटा काढला तेव्हा त्याच्या आट्यांत इंजिनच्या ब्लॉकचा भुगा अडकलेला होता, चहाच्या पावडरीसारखा. बाबा ओरडले नाहीत. शेजारचा मूळ बोल्ट काढून त्यांनी तो व्हर्नियरसकट पोराच्या हातात दिला. "मोज."

निघाला अडीच सुती. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, ७.९४ मिलिमीटर. आठ एमएमपासून फरक केसाएवढा. पण आट्यांचं गणित निराळं: आठ एमएमच्या साध्या बोल्टाला १.२५ मिलिमीटरवर एक आटा, आणि या यूएनएफला (इंचाच्या मापातला बारीक आटा) इंचात २४, म्हणजे साधारण १.०६ वर एक. दोन आटे एकमेकांना सांभाळून घेतात, तिसऱ्याला भांडण. वर डोक्याचं माप अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. त्यावर तेराचा पाना बसतो, म्हणून पोराला वाटलं बोल्टही एमएमचाच. तो पाना किंचित सैल असतो आणि दोन-चार वेळा फिरला की कोपरे गोल करून ठेवतो.

त्या एका भोकात मोठा टॅप मारून, बुश बसवून, पुन्हा आटे पाडायला बाबांचे दोन दिवस गेले. बिलात काय लावणार? काही नाही लावलं.

तेव्हापासून नियम एकच: पिच गेज (पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, तपासायची पट्टी) लावल्याशिवाय बोल्टाला हात नाही. प्रत्येक गाडीचं घराणं वेगळं. पद्मिनी मुळात फियाट, म्हणजे सगळी एमएमची. पण तिचा दहाचा बोल्ट १.२५ पिचचा, आणि दुकानात नुसता 'दहाचा' म्हटलं की दीड पिचचा पुड्यात बांधून देतात. अ‍ॅम्बॅसेडर सुताची. त्यातही नव्वदीच्या दशकात तिला इसुझूचं इंजिन आलं, ते एमएमचं. म्हणजे एकाच गाडीत बॉडी सुताची आणि इंजिन एमएमचं, दोन सासरं! ब्रिटिश गाड्यांत आणखी गंमत. ५५ अंशांच्या कोनाचा व्हिटवर्थ आटा १८४१ चा; १९४८ साली ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाने ६० अंशांच्या समान आट्यावर करार केला, तरी जुने आटे बरीच वर्षं रेंगाळले. व्हिटवर्थच्या पान्यावर डोक्याचं माप नसतंच, बोल्टाच्या जाडीचं असतं. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी असे पाने वजनावर मिळायचे. आता विकणाऱ्यालाही किंमत कळते.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर लागला की खटका देणारा पाना, आम्ही उशिरा घेतला. बाबांचं म्हणणं, "हाताला कळतं." खरं सांगायचं तर त्यांच्या हाताला कळायचं, माझ्या नाही. आणि रेंच घेतल्यावर पहिली मोठी चूक रेंचनेच झाली. मॉरिस मायनरच्या इंजिनचं हेड (वरचा भाग) बसवत होतो. पुस्तकात आकडा ४०. मी रेंच ४० वर लावला, मधून बाहेर अशा क्रमाने नऊही नट कसले, खटके छान वाजले. पुस्तकातले ४० पौंड-फूट होते, माझा रेंच न्यूटन-मीटरचा. हवे होते ५४. गाडी कात्रजच्या घाटात तापली आणि डिपस्टिकवर तेल पाणी मिसळून ताकासारखं पांढरं दिसलं. हेडखालचं गॅस्केट (मधलं सील) गेलं होतं. टोइंग आमच्या खर्चाने, गॅस्केट आमच्या खर्चाने. मालक भला माणूस, एवढंच म्हणाला, "दादा, घाईत होतात का?" घाईत नव्हतो, तेच जास्त लागलं.

आता भिंतीवर तक्ता आहे: एक पौंड-फूट म्हणजे १.३६ न्यूटन-मीटर, एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१. खाली ८.८ ग्रेडच्या (ताकदीचा दर्जा) कोरड्या बोल्टांचे ढोबळ आकडे: सहा एमएमला १०, आठला २५, दहाला ४९ न्यूटन-मीटर. पुस्तकात आकडा सापडलाच नाही तरच तिकडे बघायचं. आणि तेल लावलेल्या आट्याला कोरड्याचा आकडा कधीच नाही. आपण लावलेल्या जोरातला नव्वद टक्के तर डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणातच जातो, बोल्ट ताणायला उरतो दहा. तेलाने घर्षण घटलं की तोच आकडा बोल्टाला तोडेपर्यंत ताणू शकतो.

डब्यांची वही बायकोने सुरू केली. प्रत्येक गाडीतून निघालेला बोल्ट, त्याची जागा, लांबी, पिच, डोक्यावरच्या खुणा. वहीच्या चार वह्या झाल्या आणि दुसरे गॅरेजवाले विचारू लागले, "वहिनी, हेराल्डच्या मागच्या स्प्रिंगचा आहे का?" त्यातून संच विकायला लागलो. आज निम्म्याहून जास्त कमाई त्या संचांची आहे. "अहो, बोल्टांचे एवढे पैसे?" हे अजून रोज ऐकतो. बोल्टाचे कमीच असतात, शोधण्याचे जास्त.

बाबा आता रोज येत नाहीत. खंडेनवमीला मात्र येतात, लेथला झेंडूचा हार स्वतः घालतात आणि टॉर्क रेंचला हळदकुंकू लावताना तो शून्याकडे सैल करून ठेवलाय ना, हे बघतात.

गाडी आणणार असाल तर एक विनंती: खोललेले बोल्ट भंगारात देऊ नका. गंजलेले, वाकलेले, तुटलेले, सगळे आणा. अर्ध्या इंचाच्या तुकड्यावरूनही पिच मोजता येतो. पिशवी नको, फाटते. श्रीखंडाचा डबा चालेल.