वर, वरचा आणि वधू-वर

आठवीला आमचा व्याकरणाचा तास मधल्या सुट्टीनंतर असायचा. शाळेमागच्या गल्लीतले यंत्रमाग दिवसभर खडखडत, त्यामुळे सर कायम आवाज चढवूनच शिकवत. एके दिवशी त्यांनी फळ्यावर तीन वाक्यं लिहिली. ‘पतंग वर गेला.’ ‘झाडावर पक्षी बसला.’ ‘ध्रुवाने वर मागितला.’ मग विचारलं, ‘वर’ची जात कोणती? मी घाईनं सांगितलं, क्रियाविशेषण अव्यय. सर म्हणाले, “कुठल्या वाक्यातला वर? आधी पद पुरतं वाच, वाक्यात ते काय काम करतंय बघ, मग जात सांग.”

आमच्या घरी तेलुगू. वडील मागावर, आई घरी कांड्या भरायची. मराठी मी शाळेतच शिकलो, त्यामुळे इतरांना जे कानानं कळायचं ते मला नियमानं शिकावं लागलं. शब्दांच्या आठ जाती, संधी, रफार, ऱ्हस्व-दीर्घ. या शिदोरीवर माझं पुढचं सगळं काम उभं राहील, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. ते काम काय, हे आज या स्मरणिकेत सांगतो.

इंजिनिअरिंग केलं, काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि सोलापूरला परत आलो. आमच्याच वर्गातल्या मित्राचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरींचा कारखाना आहे. त्याच्याकडे आता इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आहेत, म्हणजे विणतानाच नक्षी उमटवणारी यंत्रं. लहानपणी पाहिलेली भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांबलचक माळ गेली, नक्षीची फाइल आली. पण डिझायनर पोरं एकेक टाका माऊसनं भरत बसायची. मित्र म्हणाला, “का बे, ‘तीन वर एक खाली, चाळीस वेळा’ असं नुसतं लिहून नक्षी नाही का होणार?” होईल, म्हणालो, आणि मराठी शब्दांची एक छोटी स्क्रिप्टिंग भाषा करायला घेतली. ‘वर ३ खाली १’ म्हणजे बाण्याचा धागा जाताना ताण्याचे तीन धागे उचललेले, एक खाली.

अशा भाषेत कॉम्प्युटरला अर्थ नंतर कळतो. आधी अक्षरांच्या सलग रांगेतून पदं सुटी करायची आणि प्रत्येकाची जात ठरवायची: ही आज्ञा, ही संख्या, हे नाव, हे चिन्ह. हे काम करणारा तो लेक्सिकल स्कॅनर. पहिला स्कॅनर मी हातानं लिहिला, नुसत्या ‘असं असेल तर तसं’च्या ओळी. ‘वर’ दिसलं की आज्ञा समजायची. एका पोरानं नक्षीच्या भागाला ‘वरचाकाठ’ असं नाव दिलं. माझ्या स्कॅनरनं त्यातला ‘वर’ कापून घेतला आणि उरलेला ‘चाकाठ’ वेगळं नाव म्हणून पुढं पाठवला. नमुन्याच्या चादरीला एका बाजूचा काठच आला नाही. पद पुरतं वाचायच्या आत मी जात सांगून बसलो होतो.

तेव्हा स्कॅनर जनरेटरकडे वळलो, म्हणजे नियम दिले की स्कॅनर आपोआप लिहून देणाऱ्या साधनाकडे. ही कल्पना जुनी आहे. बेल लॅब्समध्ये माइक लेस्क आणि एरिक श्मिट यांनी १९७५ मध्ये ‘लेक्स’ केलं. हे श्मिट म्हणजे पुढे गूगलचे प्रमुख झाले तेच. मी वापरलं ते ‘फ्लेक्स’, व्हर्न पॅक्सन यांनी केलेलं. यात आपण फक्त नियम लिहायचे, कुठलं पद कसं दिसतं एवढंच. सगळे नियम एकत्र करून फ्लेक्स एक तक्ता तयार करतं आणि त्याभोवती सी भाषेतला प्रोग्रॅम लिहून देतं. तक्त्यात प्रत्येक बाइटला (कॉम्प्युटर अक्षरं ज्या छोट्या आकड्यांत साठवतो त्यातल्या एकेकाला) ‘आता इथून कुठं जायचं’ एवढंच ठरलेलं असतं, म्हणून नियम दहा असोत की शंभर, वाचण्याचा वेग जवळपास तोच. वडील म्हणायचे, माग विचार करत नाही, पुठ्ठे पाडणाऱ्यानं तो आधीच केलेला असतो. तक्त्याचं अगदी तसंच आहे.

फ्लेक्सचे दोन दंडक मला तर सरांच्याच तासातले वाटतात. एक, ज्या नियमात सर्वांत लांब पद बसतं तो नियम जिंकतो. म्हणून ‘वरचाकाठ’ पूर्ण नाव ठरतं, त्यातला ‘वर’ तुटत नाही. दुसरा, लांबी सारखीच असेल तर फाइलमध्ये जो नियम वर लिहिलाय तो जिंकतो. नुसतं ‘वर’ हे आज्ञेतही बसतं आणि नावातही, म्हणून आज्ञांचे नियम नावाच्या नियमाच्या आधी लिहायचे. एका डिझाइनचं शीर्षक ‘वधू-वर’ होतं, लग्नात आहेर म्हणून द्यायच्या चादरीचं. त्यासाठी अवतरणचिन्ह उघडलं की स्कॅनरला वेगळ्या अवस्थेत पाठवायचं, तिथं आज्ञांचे नियम लागूच होत नाहीत. ध्रुवाच्या वाक्यातला ‘वर’ इथं मला पुन्हा भेटला.

खरी कसोटी देवनागरीनं पाहिली. फ्लेक्स अक्षरं बघत नाही, बाइट बघतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं: पहिला २२४, दुसरा १६४ किंवा १६५, तिसरा १२८ ते १९१ मधला. नावाचा नियम मी असाच लिहिला. देवनागरी अंकही याच पट्ट्यात येतात, ते वगळायला विसरलो, तर ‘वर३’ हे सबंध नाव होऊन बसलं. ते लगेच दुरुस्त झालं.

एका चुकीनं मात्र दोन रात्री घेतल्या. ‘दुसऱ्या’ हा शब्द एका पोराच्या फाइलमध्ये चालायचा, दुसऱ्याच्या फाइलमध्ये अडायचा. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. शेवटी बाइट मोजले. एक शब्द २१ बाइटचा, दुसरा २४ चा. पहिल्या पोराच्या कीबोर्डवर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर होतं. दुसऱ्याचा कीबोर्ड साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालत होता. त्या चिन्हाचा पहिला बाइट २२६, तो माझ्या नियमात नाहीच, म्हणून शब्द मधोमध तुटायचा.

सोपा उपाय समोर होता, ते अदृश्य चिन्ह गाळून टाकायचं. तसा नियम लिहिलाही. आणि एकदम सरांचा फळा आठवला: ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’. “एकाला नमस्कार करायचा, दुसऱ्याला भाजीत मीठ किती घातलं ते विचारायचं,” असं म्हणून सरांनी सबंध वर्गाला हसवलं होतं. ते चिन्ह गाळलं की अर्ध्या ‘र’चा रफार होतो, ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. तो नियम खोडला. आता ती तीन चिन्हं एकत्र आली की स्कॅनर त्यांच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त ठेवतो. मराठीला ‘ऱ’ का हवा, हे शाळेत शिकलो नसतो तर मी शेकडो शब्द बिघडवले असते आणि मला पत्ताही लागला नसता.

जनरेटर सगळीकडेच योग्य, असा माझा आग्रह नाही. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचा स्कॅनर हातानं लिहिलेला आहे, कारण तिथं ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेलाही अर्थ असतो आणि तिचा हिशेब ठेवावा लागतो. पीएचपी या दुसऱ्या भाषेनं २००९ मध्ये ५.३ आवृत्तीत फ्लेक्स सोडून ‘रीटूसी’ हे दुसरं जनरेटर घेतलं. पण जिच्यात कारखान्यातली माणसं दर आठवड्याला नवा शब्द मागतात अशा छोट्या भाषेला नियमांची एकच फाइल हवी, जी कुणालाही वाचता येईल. माझी फाइल चार पानांत मावते.

गेल्या गड्ड्याच्या यात्रेच्या वेळी ती चार पानं छापून सरांच्या घरी घेऊन गेलो. सर आता थकलेत, भिंग धरून वाचतात. ‘वर’चा नियम कुठला ते मी बोटानं दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग पान उलटून चुकांच्या संदेशांवर आले. ‘ओळ १४: चिन्ह ओळखु येत नाही’ असं मी लिहिलं होतं. सरांनी खिशातलं पेन काढलं, ‘खु’ खोडून वर ‘खू’ लिहिला आणि म्हणाले, “शेवटचा उकार दीर्घ.”

त्याच रात्री कारखान्यात जाऊन सगळे संदेश दुरुस्त केले.